अर्थिंगच्या खड्ड्यातलं पाणी

शेंद्र्याच्या कंपनीनं मला ब्रेक देऊन घरी बसवलं, त्याच उन्हाळ्यात बायकोला घरून टायपिंगचं काम मिळू घातलं होतं. मिळू घातलं म्हणजे, आधी तीन दिवसांची परीक्षा. सकाळी नऊ ते एक, आणि मधे लाइन तुटली की नाव कट. म्हणून गारखेड्यातल्या आमच्या घरात केबलचं इंटरनेट आलं. आलं कसलं, दर पंधरा मिनिटांनी जात होतं!

मी केबलवाल्याला फोनवर इतकं झापलं की शेजारचे गच्चीत येऊन बघायला लागले. माणूस माझ्याच वयाचा, शांत. आला, जोड बदलले, वायर बदलली, मोडेम नवा लावला. तरी तेच. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिसऱ्यांदा आला, कॉम्प्युटरच्या पत्र्याला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं.

"साहेब, अर्थिंग सूख गया आपका. मागचा खड्डा पार कोरडा पडलाय. करंट जमिनीत जायचा तर माझ्या वायरीतून पळतोय, म्हणून मोडेम बंद पडतो. रोज कळशीभर पाणी टाका खड्ड्यात. बस."

माझं डोकंच फिरलं. नळ आठवड्यातून एकदा, तोही तासभर. भांड्यांचं पाणी फरशीला, फरशीचं संडासाला. आणि हा म्हणतो खड्ड्यात ओता! "प्यायला नाय अन् मातीला पाजू व्हय?" म्हणून मी त्याला हाकलूनच दिलं. बायको हळूच म्हणाली, "अहो, तीनच दिवस तर टाकायचंय." तिच्यावरही ओरडलो. आज लिहिताना लाज वाटते. गरज सगळ्या घराला होती. पण बिनकामाचा माणूस घरात बसला की हुकूम सोडण्यापलीकडं त्याला काही सुचत नाही.

आई देवघरातून सगळं ऐकत होती. तिचा एक मोठा हंडा वेगळा असायचा, सोवळ्यातला. नळ आला की ओलेत्यानं ती स्वतः भरायची. देवाला, तिच्या स्वयंपाकाला आणि प्यायला आठवडाभर तेच पाणी. दुसऱ्या कुणी शिवलेलं पाणी ती घोटभरही घेत नसे. त्या हंड्यावरून मी तिच्याशी किती भांडलो असेन!

परीक्षेच्या पहिल्या दिवशी लाइन एकदाही तुटली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी छाती फुगवून सांगत सुटलो, "बघा, झापल्याशिवाय ही माणसं सरळ येत नाहीत!"

काम बायकोला मिळालं, हे आधीच सांगून टाकतो. पण तिसऱ्या दिवशी सकाळी मी सहज मागच्या दारी गेलो, तर आई भिंतीला धरून उभी. हातात तिची कळशी, पायाशी अर्थिंगचा खड्डा, त्यातली माती ओली. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी आत जाऊन हंड्यात डोकावलो. तळ दिसत होता. देव कोरडेच, नुसती फुलं वाहिलेली. आणि नळ यायला अजून दोन दिवस होते.

मी धावत बाहेर आलो. "अगं, तू काय प्यायलीस दोन दिवस?"

"घेतलं की घोट घोट," ती म्हणाली. "देवाला कळतो दुष्काळ. सूनबाईच्या कंपनीला कसा कळावा?"

मला रडूच फुटलं. तिच्या हातातली कळशी कलत होती. मी पुढं झालो आणि जागीच थांबलो. सोवळ्यातल्या आईला शिवायचं नाही, ही लहानपणापासूनची सवय.

"बघत काय उभा राहिलास? धर की!"

मी धरली. राहिलेलं पाणी दोघांनी मिळून खड्ड्यात ओतलं. मग मी घरातल्या ड्रममधून तांब्या भरून आणला. आंघोळ न केलेला मी, माझ्या हातचं पाणी. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, तांब्या घेतला आणि तिथंच, उभ्या उभ्या, पार रिकामा केला.