अनुदानात न बसणारा पोरगा

किल्लीवाल्या काकूंना राग लवकर येतो आणि लवकर जातो, असं सगळी गल्ली सांगते. पण अनुदानवाल्या साहेबांवरचा त्यांचा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये.

नवऱ्यामागे काकूंनी किल्ल्यांचं दुकान चालवलं. दुकान कसलं, जिन्याखालचा कोनाडाच. एक जुनं मशीन, दोन-चार कानशी आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. वाट चुकण्याच्या बेतात असलेल्या पोरांना एकेक जाणतं माणूस जोडून द्यायचं, अशी सरकारी योजना निघाली, तेव्हा काकूंनी हौसेनं नाव दिलं. आणि वाट्याला कोण यावं? शटरची कुलपं फोडताना पकडलेला पोरगा! दिरांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, वहिनी, बिचाऱ्याला फोडायचे कष्ट पडत होते, तेवढे तुम्ही वाचवा. काकू म्हणाल्या, वाचवतेच.

पोराला सगळे चिमट्या म्हणत. आई नाही, बाप असून नसल्यासारखा. सुरुवातीला त्यानं काकूंच्या नाकी नऊ आणले. मग कधीतरी हातात कानस बसली आणि गडी गप्प झाला. काकूंनी धंद्याचा एकच नियम त्याच्या डोक्यात ठोकून बसवला: मालक कोण याची खात्री झाल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. दुकान उघडायच्या आधीच तो दर शनिवारी जिन्यावर येऊन बसायला लागला. त्याला दुसरं जायला ठिकाणच नव्हतं. त्याचं बस्तान बसलेलं बघून योजनेनं आणखी दोन पोरं काकूंकडे सोपवली.

मग योजनेच्या कार्यालयात तपासणी लागली. काकू चिमट्याला घेऊन गेल्या, तर तिथे कपाटाची किल्लीच हरवलेली. साहेब घामाघूम. चिमट्या पुढे झाला, पण आधी कारकुनाला विचारून घेतलं, कपाट ह्यांचंच ना? मग एक ओरखडाही न उठवता उघडून दिलं. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. आता काकूंना कुठलं राहवतंय? "पोरगं सोन्यासारखं झालंय, साहेब," त्या म्हणाल्या. "आता ह्याची काही काळजी नाही."

झालं! साहेबांनी नेमकं तेवढंच धरलं. काळजी नाही म्हणजे धोका नाही, आणि धोका नाही म्हणजे अनुदान नाही. पुढच्या शनिवारपासून चिमट्याचं येणं बंद.

काकूंनी जीभ चावली, पण उपयोग काय? फुकट शिकवते, म्हणाल्या. साहेबांनी थंडपणे सांगितलं की योजनेतून काढलेल्या अल्पवयीन मुलाला भेटायला बंदी आहे, नियम मोडलात तर तुमच्याकडची बाकीची दोन पोरंही काढून घ्यावी लागतील. अहो, ताप उतरला म्हणून आजाऱ्याला कुणी पावसात उभं करतं का? शनिवारी चिमट्या आला, तर त्या दोन पोरांपायी काकूंना त्याला जिन्यावरूनच परत पाठवावं लागलं. त्या दिवशी त्यांना घास गेला नाही.

महिना होतो न होतो तोच भर दुपारी कार्यालयाचं कुलूप फुटलं. दगडानं. आतली चिठ्ठीसुद्धा हलली नव्हती, आणि चिमट्या पळून न जाता पायरीवर बसून होता. निरोप मिळताच काकू दुकान उघडं टाकून धावल्या. साहेब अगदी खुशीत होते.

"चिंता करू नका, बाई," ते म्हणाले. "आता तो पुन्हा नियमात बसतो. येत्या शनिवारपासून येऊ दे त्याला."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सुधारला तेव्हा तुमच्याकडे त्याला जागा नव्हती, साहेब. बिघडला तर लगेच झाली. तुम्हाला पोरं नकोतच, त्यांचे गुन्हे हवेत."

नियम वरून आलेत, एवढं बोलून साहेब आत गेले. लाज वाटली असेल म्हणावं, तर तीही दिसली नाही.

काकू पायरीवर चिमट्याशेजारी बसल्या. "अरे, हे कुलूप तुझ्या डाव्या हातचा मळ. दगड कशाला घातलास?"

"नीट उघडलं असतं," तो म्हणाला, "तर मला पकडलं कुणी असतं, काकू?"