गावरान म्हणून आणलेली मेथी

मैत्रिणींनो, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

सून सातव्या महिन्यात आहे. मालेगावच्या बाजारातून तिच्यासाठी मी भाजीवाल्या चंद्रकलाबाईंचीच मेथी आणते. लहान, जाडसर पानांची. आमच्याकडे अशीच मेथी गावरान समजतात.

आज माझ्या भाचीच्या कॉलेजात गेले होते. ती वनस्पतिशास्त्र शिकवते. कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर पान उजेडाकडे धरून आम्हाला शिरा दाखवायच्या, ते आठवून मी हौसेने मेथीची जुडी सोबत नेली. भाचीने सूक्ष्मदर्शकातून पान पाहिलं आणि मलाही दाखवलं. पानाची श्वासाची छिद्रं विरळ, बरीचशी मिटलेली. शिरा अरुंद.

"मावशी, ही गावरान नाही, खुरटलेली आहे. मळा कुठे आहे?"

चंद्रकलाबाईंचा मळा नाल्याकाठी आहे. वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडतात, ते पाणी त्याच नाल्यात येतं.

"शिसं असेल. तपासल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, पण वहिनीला देऊ नकोस, पोटातल्या बाळाला बाधेल."

तशीच बाजारात गेले. चंद्रकलाबाई ऐकून हसल्या. "बाई, शिकून शिकून तुमाले मेथीचं बी भेव वाटून राह्यलं काय? माह्या नातीले रोज हेच खाऊ घालतो मी!"

तेवढ्यात एकीने जुडी उचलली. "गावरान हाय ना?"

"पान पाहा ना, केवढंसं हाय!"

घरी सुनेने विचारलं, "आई, मेथी नाही आणली?" मी म्हटलं, संपली होती.

इतके महिने मीच तिला आग्रह करकरून ही मेथी वाढली. तिला काय सांगू? आणि आता सांगून तरी काय उपयोग?