कुऱ्हाडीची शपथ

माझ्या सासूबाई, ओस्गिथ. इंग्लंडातल्या योर्विकच्या आसपास वाडवडिलांसारखं चोख इंग्लिश बोलणारं हे शेवटचं माणूस. मी समुद्रापलीकडून आलेल्या डेन लोकांची पोर. उंबरा ओलांडला त्या दिवसापासून त्यांचं एकच पालुपद, "कुऱ्हाड 'ते' नाही गं टोवा, 'ती'! दगड 'तो'!"

मीही काही तोंडात गुळणी धरून बसणारी नव्हे. "तुमच्यात बायकोला 'ते' म्हणतात, सासूबाई. आधी मला माणसांत घ्या, मग कुऱ्हाडीचं बघू." त्या हसायच्या आणि पुन्हा सुरू व्हायच्या.

तो-ती आमच्या बोलीतही होतं, पण शब्दांच्या शेवटी लागणाऱ्या शेपट्या निराळ्या. बाजारात आमच्या शेपट्या त्यांना कळेनात, त्यांच्या आम्हाला. मग दोघांनीही छाटून टाकल्या. मासळी विकायची की शेपट्या सांभाळत बसायचं? शेपट्यांबरोबर तो-तीही गेलं; माझी पोरं तर सगळ्याला 'ते' म्हणतच वाढली.

अशात शेजारच्या उल्फकेलनं आमच्या खुंटीवरची कुऱ्हाड आपली म्हणून सांगितली आणि माझ्या नवऱ्यावर, कोल्ग्रिमवर, चोरीचा आळ घेतला. मेल्याचं कधी भलं होणार नाही! आमच्याकडे चोराचा उजवा हात तोडतात. कुऱ्हाड खरं तर सासूबाईंच्या वडिलांची. तसं सासूबाईंनी भरसभेत शपथेवर सांगायचं होतं. सभेत न्याय देणाऱ्या कारभाऱ्यानं शपथ मानली नाही, की कोल्ग्रिमचा हात गेला.

मला अन्न गोड लागेना. सासूबाई म्हणाल्या, "कशाला जीव जाळतेस? शपथेचे शब्द वडिलांनी शिकवलेत मला. झोपेतही चुकायची नाही."

चुकल्या नाहीतच. सभेच्या दगडापाशी ताठ उभं राहून त्यांनी एका दमात शपथ घेतली, एकेक शब्द शेपटीसकट. मला निम्मं कळलं नाही, पण अंगावर काटा आला.

कारभाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे कुठलं बोली, म्हातारे? सगळ्यांना कळेल असं बोल. न कळलेलं शपथ मी कसं मानू?"

उल्फकेल फिदीफिदी हसला. सासूबाईंनी लेकाच्या हाताकडे पाहिलं. मग मान खाली घालून हळूच म्हणाल्या, "हे कुऱ्हाड माझं. माझ्या बापाचं होतं. त्यानं ते मला दिलं."

"हे शपथ साफ आहे," कारभारी म्हणाला.

कोल्ग्रिम घरी येईपर्यंत आईचा हात धरून हसत होता, मध्येच डोळे पुसत होता. सासूबाई दुसऱ्या हातात कुऱ्हाड घेऊन चालत होत्या.

दारातच माझ्या धाकट्या लेकीनं, थोरानं, कुऱ्हाड दोन्ही हातांनी घेतली. "आजी, हे कुऱ्हाड किती जड आहे गं!"

मी थांबले. आता ओरडतील. देवाशपथ सांगते, त्यांनी ओरडावं म्हणून जीव नुसता तळमळत होता माझा.

"ठेव ते कोपऱ्यात," सासूबाई म्हणाल्या आणि विस्तव फुंकायला बसल्या.