लंडन ते मुंबई, आठ तास

मी बी.एस्सी. आमच्या घरातला पहिलाच पदवीधर, आणि तोही थोरल्या भावाच्या, दादाच्या जिवावर. तो लंडनच्या एका कारखान्यात फिटर होता. अंगात येणं, दृष्टांत होणं… असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. पण सत्तरचं दशक संपताना, जानेवारीत, आमच्या हिंगणीच्या घरी जे घडलं ते माझ्या कोणत्याच हिशोबात बसत नाही.

माय शेवटच्या आजारात होती. जाणाऱ्याच्या तोंडात थोरल्या मुलानेच पाणी घालायचं, ही आमच्याकडची रीत. दादाची तार आली – गुरुवारी सकाळी दहाला लंडनहून निघतो.

मी शाळेचा नकाशा काढला, दोरा लावला. सात हजार दोनशे किलोमीटर, ताशी नऊशेचा वेग – आठ तास. म्हणजे घड्याळांतला साडेपाच तासांचा फरक धरून आपल्या मध्यरात्री मुंबई, सकाळच्या विमानाने नागपूर, शुक्रवारी दुपारी हिंगणी.

"एस्टी टायमावर येत नाई, अन् हा विमानाचा टाइम सांगून राह्यला!" शेजारच्या काकू हसल्या.

गुरुवारी दिवेलागणीला मायने विचारलं, "कुठी आला रे तो?"

"काळ्या समुद्राजवळ असन, माय."

तिने डोळे मिटले. "नाई. तो उडालाच नाई. हिरव्या खुर्चीवर बसून हाय. पाय सुजला त्याचा… एक जोडा काढून ठेवला. काचेतून बाहेर पांढरंच पांढरं दिसून राह्यलं."

तापात बडबडते आहे, असं मला वाटलं. मायने विमानतळ तर सोडाच, नागपूरही धड पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी अकराच्या सुमारास तिला ऊर्ध्व लागला. "तूच पाज मले पाणी," ती म्हणाली.

"दादाले येऊ दे, माय. नागपुरात उतरला असन तो आता. एक-दीड तास फक्त."

"तो नाई येत रे… तू दे."

काकूंनी तांब्या पुढे केला. मी त्यांचा हात मागे सारला. आकडेमोड मी तीनदा तपासली होती ना!

दहा मिनिटांत माय गेली. कोरड्या तोंडाने.

दादा रविवारी आला. अंगणात बसून त्याने जोडे काढले. उजवा पाय टम्म सुजलेला होता. बर्फामुळे विमान रद्द झालं होतं आणि तो दोन दिवस विमानतळावरच अडकून पडला होता.

"खुर्ची कोणत्या रंगाची होती?" मी विचारलं.

"हिरवी. काऊन?"

मी त्याचे जोडे उचलून बाजूला ठेवले. इतकी वर्षं झाली, मुलांना विज्ञान शिकवत निवृत्त झालो, तरी मायला ते कसं दिसलं याचं उत्तर माझ्याकडे नाही.

तेव्हा दादाने माझा हात धरून विचारलं होतं, "मायनं शेवटी पाणी घेतलं ना रे?"

"घेतलं," मी म्हणालो.