आयत्या वेळची मालगाडी

यार्डात त्याला सगळे 'बघू' म्हणत. मालगाडीचा ड्रायव्हर. लग्न असो, बारसं असो, येणार का विचारलं की याचं उत्तर ठरलेलं: "बघू." बिचाऱ्याचा तरी काय दोष! पॅसेंजर गाडीला वेळापत्रक असतं, याच्या वाट्याला आयत्या वेळच्या मालगाड्या. आदल्या संध्याकाळी फोन यायचा, "उद्याची गाडी लागली." लागली म्हणजे नुसती कागदावर आली. गोदामवाल्यांचा माल भरून झालेला नसायचा, माल भरला की इंजिन भलतीकडेच अडकलेलं, आणि इंजिन मिळालं की पुढचा मार्ग मोकळा नसायचा. अशी गाडी रद्द तरी व्हायची, नाहीतर अंधार पडल्यावर सुटायची. वेळेवर सुटलेली त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती.

लेक नर्स झाली, दूरच्या शहरात नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, शाळेतल्या नाटकापासून बघू-बघू ऐकतेय. या वेळी नीट सांगा. उद्या चारच्या बसला सोडायला येताय ना?"

तेवढ्यात फोन आला. उद्या दुपारी एकची गाडी लागली होती. रजा मागितली असती तर मिळाली असती, पण उगाच रजा वाया कशाला घालवायची? तो हसला.

"एकची गाडी आणि एकला? काहीतरीच! अगं, चारला मी तुझ्या बॅगा उचलायला हजर. येतो म्हणजे येतो."

भांडी पुसता पुसता बायको थांबली. 'येतो' हा शब्द या घरात कुणाच्या ओळखीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी यार्डात पाहतो तर काय, माल भरलेला, इंजिन जोडलेलं! घरी कळवावं असं एकदा मनात आलं. पण काहीतरी अडेलच की. सुटेल तेव्हा बघू, म्हणून तो जेवायला बसला. एकच्या ठोक्याला सिग्नल हिरवा झाला. आली का पंचाईत! इंजिनात फोन बंद ठेवायचा नियम. त्या दिवशी वाटेत एकही सिग्नल लाल मिळाला नाही.

तो परतला दुसऱ्या दिवशी. बायकोनं पाणी दिलं आणि समोर बसली.

"चारची बस सोडली तिनं. मी म्हटलं, चढ बाई, त्यांचं काही खरं नाही. तर म्हणाली, बघू म्हणाले असते तर चढले असते, आई. येतो म्हणालेत. मग रात्रीच्या बसनं गेली, उभ्यानं."

त्यानं लेकीला फोन लावला.

"पोचलीस ना? अगं, गाडी चक्क वेळेवर सुटली!"

"हो, आईनं यार्डात फोन करून विचारलं होतं. असू दे."

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"सुट्टी कधी मिळेल? घरी कधी येशील?"

पलीकडून कुणीतरी तिला हाक मारली.

"बघू, बाबा," ती म्हणाली.