जुनेर

आई गेल्यावर तिची मऊ झालेली सुती लुगडी मी कोल्हापुरातल्या, दत्तक द्यायची बाळं सांभाळणाऱ्या एका शिशुगृहात द्यायला नेली. नव्या बाळाला आधी जुनेरातच गुंडाळतात. बाहेरच्या बाकावर एक गरोदर मुलगी बसली होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

"मावशी, एक लुगडं मला देतासा? बाळ हितं द्यायचं का, इचारायला आलोय."

"घरी नाही का एखादं?"

"हाय की, आजीचं. पर बाळ दिल्यावर बी दोन महिनं परत मागता येतंय म्हणं. आजीच्या लुगड्यात बघितलं तर मी मागणारच. मग ठेवू कुठं? लगीन न्हाय झाल्यालं. बा दारात उभं करंना. परकंच बरं."

मी एक दिलं. तिने ते नाकाशी धरलं आणि बराच वेळ खाली घेतलं नाही.

"ह्याला बी घरचाच वास हाय की."

लुगडी मी धुऊन आणली होती. आईचा वास मला तर कधीच येईनासा झाला होता.

आतून तिला हाक आली, तरी ती उठली नाही. मलाही लुगड्यांची पिशवी आत नेववेना.