अस्वलाचं इंग्रजी

इंग्रजी तिसरीत, म्हणजे आताच्या सातवीत, असताना माझी एक ठाम समजूत होती: इंग्रजीत बोललेलं घरात कळत नाही. बारामतीला मामाच्या घरी ती भाषा येणारे दोघंच, मी आणि माझ्याच वर्गात बसणारा मामेभाऊ. तेव्हा ती आम्हा दोघांची कुलूपबंद खोली, असं मी धरून चालले होते. शहाणी! आज समोर आली तर कान पिळीन तिचा.

मी मूळची इंदापूरची. पोरीला चौथी पुरे झाली, असं आमच्या घरात ठरलं होतं. आईनं भावाची फार विनवणी केली, तेव्हा मामानं मला इंग्रजी शाळेसाठी ठेवून घेतलं. अट एकच घातली, "एक बोभाटा कानावर आला, की पयल्या मोटारीनं माघारी." मामाचा मळा कालव्याच्या पाण्यावरचा. माणूस मायाळू, पण बोलला की बोलला.

आणि माझा बोभाटा तर शिमग्यात तयारच होता. धुळवडीपासून रंगपंचमीपर्यंत आमच्या गल्लीत सोंगं निघत. मामेभाऊ दरवेशी व्हायचा. हनुवटीला शेळीचे केस चिकटवायचे, डोक्याला फडकं, हातात दोर. दोराच्या दुसऱ्या टोकाला काळ्या घोंगडीतलं अस्वल. पोरींनी सोंग घ्यायची रीत नव्हती, त्यामुळं आत कुणीतरी पोरगाच असणार, असं गल्ली समजायची. आत तोंडाला काजळी फासून मी असायची. खड्यांवर रांगून गुडघे सोलून घ्यायला एकही पोरगा तयार झाला नाही, म्हणून त्यानं मला घेतलं होतं. मला मात्र वाटायचं, दादानं माझे गुण हेरले!

त्या साली शिमगा तोंडावर आला असताना मास्तरांनी पूर्वीच्या सवयी इंग्रजीत कशा सांगायच्या, ते शिकवायला घेतलं. पुस्तकातला म्हातारा रोज सकाळी टेकडीवर फिरायला जात असे. मास्तरांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, "या म्हाताऱ्याशी आपलं काय देणंघेणं? शिमग्यात तुमच्या गल्लीत काय काय होत असे, ते सांगा. एकेकानं उठायचं."

पोरं उठली. एक म्हणाला, आम्ही गोवऱ्या चोरत असू. दुसरा म्हणाला, आम्ही याच्याच गोवऱ्या चोरत असू. वर्ग फिदीफिदी हसला. माझी पाळी आली. बाकीच्यांनी एकेक वाक्य कसंबसं ढकललं होतं. आम्ही उभ्या राहिलो त्या भाषण ठोकायलाच. 'आय यूज्ड टु बी अ बेअर' पासून सुरुवात. मी घोंगडी पांघरत असे, मी चौकात लोळत असे, मी ओट्यावर बसलेल्या माणसांच्या पायांना चावत असे. मामेभाऊ बाकावरून डोळे वटारत होता. मला वाटलं, कौतुकानं बघतोय.

मास्तर इतके खूश झाले की संध्याकाळी थेट घरी आले. मामा ओट्यावर बसला होता, मामी उंबऱ्यात तांदूळ निवडत होती.

"आबा, तुमची भाची नाव काढणार बघा! काय कल्पना, काय कल्पना!" आणि त्या भल्या माणसानं माझं वाक्यन् वाक्य मराठीत म्हणून दाखवलं. मी दाराआड उभी. कुलूप, खोली, सगळं मास्तरांनी एका दमात उघडं टाकलं.

चावण्यापाशी ते आले, तसा मामाचा हात आपोआप स्वतःच्या पोटरीवर गेला.

"मास्तर, ही कल्पना न्हाय," मामा हळूच म्हणाला. "मागल्या शिमग्यात मला चावलंय ते."

मास्तरांना चहा सुद्धा गोड लागला नसावा. ते गेल्यावर मामानं आम्हा दोघांना पुढं उभं केलं. मी निर्धास्त होते. दादा म्हणेल, मीच तिला बोलावलं, आबा. दोघांना मिळून चार शिव्या बसतील आणि शाळा टिकेल.

"दोर तुझ्या हातात व्हता," मामा त्याला म्हणाला. "घोंगडीत कोन हाय, तुला ठावं न्हवतं?"

"न्हाय आबा," त्यानं माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही. "मला वाटलं पलीकडच्या गल्लीतला कुनी हाय. अस्वल आपलं आपनच आलं."

"आपलं आपनच?" मामी म्हणाली. "आन् तोंडाला काजळी बी आपली आपनच फासली व्हय गं?"

इंग्रजीत एवढं घडाघडा बोललेली मी, माझ्याच भाषेत मुकी झाले. तो खोटं बोलतोय, हे सांगायचं सुद्धा सुचलं नाही. मला वाटत राहिलं, आता बोलेल, आता बोलेल.

दुसऱ्या दिवशी तोच माझी ट्रंक घेऊन मोटारीपर्यंत आला. मोटार सुटायला वेळ होता. तो जवळ सरकला. मनात म्हटलं, आलं याला रडू.

"ए, मास्तर आज मलाच उठवनार बघ," तो म्हणाला. "मला काय बी येत न्हाय. तेवढी वाक्यं दे की लिहून."

"कुठली?"

"तुजीच की. कालची."

आता कुणीही शहाणी पोर त्या दरवेशाच्या डोक्यात ट्रंक घालती. आणि आम्ही? ट्रंकेवर बसलो, त्याची पाटी मांडीवर घेतली आणि सुवाच्य अक्षरात सगळं लिहून दिलं. वर त्याला उच्चार शिकवले. चावण्याचं वाक्य त्याला जमेना, ते दोनदा घोकून घेतलं. इंदापूर येईपर्यंत मला वाटत होतं, एवढं केल्यावर तो मामाला खरं सांगेल.

वैशाखात नरसिंहपूरच्या जत्रेत वर्गातली एक मैत्रीण भेटली. म्हणाली, त्यानं अस्वलाची वाक्यं फार छान म्हटली, मास्तरांनी पाठ थोपटली. आता वर्गात सगळे त्यालाच अस्वल म्हणतात.

"आणि मी गं?" मी विचारलं.

"तू होय? तू नापास होशील म्हणून घाबरून घरी गेलीस, असं तो सांगत होता."